उजव्या कानाची खपली

— आरं, एवढं भ्यायचं कशापायी? बस की हितं बाकावर. आई आत हाय न्हवं तुजी? ऐंशीच्या वरची? मग माझ्यापरास ल्हानच की! मी नव्वदी वलांडलेला, माझ्या बी आतड्यातली गाठ ह्याच दवाखान्यात काढली — पोट न्हाय फाडलं, दुर्बिणीनं काढली. हे बघ, इत्तुशी भोकं. दुसऱ्याच दिवशी सिस्टरनं चालवलं मला. आज नुस्तं दाखवाया आलोय. दुखतं का? छ्या — हितं तर न्हायच दुखत.

मी नगंच म्हनत हुतो. लई जगलो, आता कापाकापी कशाला? तर थोरला मल्हार पाय धरून बसला — आबा, तुमी पायजेत आमाला. भुललो की! डॉक्टर बी म्हनला, आबा, वयाला भिऊ नगा, काळीज घट हाय तुमचं. त्याला भरवसा हुता माझा. लेकांना न्हवता.

कसं कळलं? तुमा सोलापूरकरांना ठावं नसंल — आमच्या धनगरांत मेंढराच्या कानाला खूण असती. माझी डाव्या कानाला चीर. धनी जिता हाय तवर तीच. त्यो गेला, की लेकं वाटणी करत्यात आन उजव्या कानाला आपापली चीर मारत्यात. मी घरी गेलो ते थेट वाडग्यात, मेंढरांत शिरलो. डोळ्यांनी दिसत न्हाय मला, पर बोटांना दिसतंय की! उजवा कान चाचपला — खपली. दुसरीचा — खपली. कुणाला मल्हारची चीर, कुणाला धाकट्या भीमाची. आन खपल्या कसल्या? माझ्या पोटावरल्या खपल्यांच्याच वयाच्या! म्हंजे मी हितं टेबलावर — आन तिकडं माझी वाटणी! ज्या हातांनी पाय धरलं त्याच हातांनी कात्री धरली रं. दगा दिला मला. जिता असताना मारला.

एक बोरी तेवढी सोडली. दात पडलेली म्हातारी मेंढी, तिचा उजवा कान साबूत हाय — कुणालाच नगं झाली. मी तिच्यापाशीच निजतो आता. घरात म्हंत्यात, आबाला मेंढरांचा लई लळा.

तू आईला काय सांगून आणलंस रं? — न्हाय, मला नगं सांगू. तिला जाऊन — गप. गप बस. ह्या मल्हारच्या वहाणा वाजल्या. मी कान चाचपल्यालं त्याला ठावं न्हाय.

आलास व्हय, मल्हार? काय न्हाय रं — ह्यांना सांगत हुतो, माझी पोरं लई जपत्यात मला. दे त्यो च्या.