डिझेल नको, त्याचं कारण

धायरीच्या गॅरेजात लेकाच्या गाडीसाठी बसले होते. कान काही घरी ठेवून आले नव्हते. शेजारी एक नवराबायको, समोर त्यांची जुनी पेट्रोल जीप, बॉनेटमध्ये वाकलेले मेकॅनिक चांदभाई.

“अहो, चांदभाई इंजिन उतरवायचं म्हणतायत. त्यापेक्षा ही विका, डिझेलची घ्या.”

“डिझेल आवाज फार करतं, शर्मिला.”

“करू दे. सिंहगड तरी चढेल. ही रविवारी तीनदा थांबली.”

“ती थांबते तरी. तू कुठे थांबतेस?”

“मग घ्याच डिझेल. माझं ऐकायलाच नको.”

“तू ओरडून बोलशील. मी कसा आहे, हे तू सांगतेस ते आत्ता मला एकट्यालाच कळतं. मग सगळ्या सिंहगड रोडला कळेल. चांदभाई, उतरवा इंजिन.”

“आणि चांदभाई, सीट जरा मऊ करा. मला बोलताना धक्के बसतात.”