टुंग वाजलं की एंटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फोल्डिंग खात्याचे सर्वांत जुने मुकादम आदरणीय लक्ष्मणराव, प्रमुख पाहुणे आणि आपल्या मिलचे मॅनेजर हसमुखभाई, शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून ताठ बसलेले आजचे सत्कारमूर्ती श्रीपतभाऊ, पहिल्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी रंभाबाई, आणि समोशांचा वास येत असूनही अजून बसून राहिलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मी विशाखा. डिस्पॅचमध्ये श्रीपतभाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसते. मला सांगण्यात आलं आहे की भाषण छोटं हवं, गोड हवं आणि मराठीत चालेल. तिन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. मी मराठी तेवढी नक्की सांभाळते. हसमुखभाईंना मराठी कळते, फक्त बोलता येत नाही असं ते म्हणतात. आज मला तसाच श्रोता हवा आहे.

आधीच्या वक्त्यांनी भाऊंचा प्रामाणिकपणा सांगितला, शिस्त सांगितली. सगळं खरं. पण भाऊंच्या आयुष्यातल्या मोठ्या लढाईविषयी कोणीच बोललं नाही, म्हणून मला उठावं लागलं. ती लढाई रंगाऱ्यांशी नव्हती, व्यापाऱ्यांशी नव्हती. ती होती कॉम्प्युटरच्या खिडक्यांशी.

भाऊ टाइप करताना स्क्रीनकडे बघत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. नजर बटणांवर, दोन बोटं, आणि ओठांवर कापडाच्या ताक्यांचे नंबर. आता अशा माणसाने लॉट नंबर, व्यापाऱ्याचं नाव, रिंग रोडच्या मार्केटचा पत्ता, मजला, दुकान असं सगळं मनापासून टाइप करावं आणि मान वर करून बघावं, तर काय? मध्येच एक खिडकी न बोलावता पुढे येऊन बसलेली, आणि सगळा पत्ता तिच्या पोटात! मशीन बंद करून चालू करू का, एवढंच त्या बिचारीने विचारलं होतं. उत्तरात तिला मार्केटचा तिसरा मजला मिळाला. तिने तो स्वीकारला आणि मशीन बंद केलं.

भाऊ त्यावर एकच वाक्य बोलायचे, तेही घरच्या अहिराणीत. "हाई कथाइन उनी व माय?" ही कुठून आली गं बाई! मी विचारते, यात चूक कोणाची? आपल्याकडे पंगतीत कोणी जेवत असताना दुसरा येऊन त्याच्या ताटावर बसत नाही. खिडक्यांना हे कोणी शिकवलंच नाही.

बरं, मोठी कराल तर अख्खा पडदा व्यापते. छोटी कराल तर कुठे जाते ते सापडत नाही. "ओके"चं बटण हवं तर ते नेमकं पडद्याच्या खालच्या काठाखाली, जिथे माणसाचा हात जात नाही आणि माऊसचाही जात नाही. एकदा भाऊंना एवढा राग आला की त्यांनी एका खिडकीला माऊसने धरून गदागदा हलवलं. आणि काय आश्चर्य, बाकीच्या सगळ्या खिडक्या पटापट खाली बसल्या! भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ विशाखा, एकीला झापलं की बाकीच्यांना धाक बसतो." ती त्या मशीनची सोयच आहे, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. विजय रोज मिळत नाहीत.

आता जरा मुद्द्यावर येते. लक्ष्मणराव घड्याळ बघत आहेत. अध्यक्षमहाराज, हा शेवटचाच किस्सा, पण तो थोडा लांब आहे.

आपल्याला आठवत असेल, भाऊंच्या टेबलावर पूर्वी दोन स्क्रीन होत्या. एकीवर माल, दुसरीवर हजेरीचं सॉफ्टवेअर. मग गेटवर कॅमेरे बसले आणि वॉचमनला स्क्रीन कमी पडली. तेव्हा भाऊंची दुसरी स्क्रीन उचलून गेटवर नेली. स्क्रीन गेली, पण तिची तार मागे लटकत राहिली. त्यामुळे मशीनला वाटत राहिलं की स्क्रीन आहे. ते हजेरीची खिडकी रोज सकाळी इमानदारीने तिथेच उघडायचं, नसलेल्या पडद्यावर.

म्हणजे व्हायचं काय, सकाळी मशीन लावलं की टुंग असा आवाज यायचा आणि मालाचं सगळं काम ठप्प. दिसत काहीच नाही. चलन काढायला जिथे क्लिक कराल तिथे टुंग. भाऊंनी त्यावर उपाय शोधून काढला. टुंग वाजलं की एंटर दाबायचं. एकदा दाबलं की मोकळं! पुढे हा आमच्या खात्याचा रिवाजच झाला. उदबत्ती लावायची, पाणी भरायचं, टुंग वाजलं की एंटर. नवीन कोणी आलं तर पहिल्या दिवशी आम्ही त्याला हेच शिकवायचो. ती खिडकी काय विचारते आहे, हे कोणी विचारलं नाही. रोज तोच आवाज आला की माणूस समजतो, प्रश्नही तोच असणार आणि तो बिनकामाचा असणार.

इथे मला प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा आदराने उल्लेख करायचा आहे. हसमुखभाई मघाशी म्हणाले, "मेरी तो बहुत इच्छा थी, एक साल और रुक जाते. पण श्रीपतभाईने आराम जोईए छे." श्रीपतभाईंना आराम हवा आहे म्हणे, आणि आपण टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या वेळी भाऊंकडे बघत होते. भाऊ चपलेकडे बघत होते.

कारण भाऊंनी मला मागच्या महिन्यात, दुपारचे डबे सोडताना, वेगळंच सांगितलं होतं. भाऊ, माफ करा, हे आज सांगावं लागतंय. ते म्हणाले, "मला अजून एक वर्ष हवं होतं गं. हात चालतात, डोळे चालतात. घरी बसून भिंतीला काय मालाचं चलन काढून देऊ? पण मागायचं कसं? ज्यांना माणूस हवा असतो ते विचारतात. मला कोणी विचारलं नाही." आणि रंभाबाई आज सकाळी हार हातात घेताना मला हळूच म्हणाल्या, "इतला वरीस काम करं यासनी, पन कोनी इचारं बी नही." तुम्हाला कळलं असेलच, तरी सांगते. इतकी वर्षं काम केलं, पण कोणी विचारलंसुद्धा नाही.

रंभाबाई, विचारलं होतं. रोज विचारलं होतं.

काल दुपारी आपल्या प्रवीणने भाऊंचे जुने फोटो दाखवायचे म्हणून कॅन्टीनचा हा मोठा टीव्ही त्या लटकत्या तारेला जोडला. तुम्ही मघापासून बघताय ना, तोच. भाऊंचं मशीन इथे दारापाशी ढकलत आणलंय, तेही त्यासाठीच. त्यासाठी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा टुंग वाजलं, टीव्ही लागला आणि इतके महिने अंधारात बसलेली ती खिडकी आमच्यासमोर आली. प्रवीण, तो पिकनिकचा फोटो जरा खाली बसव बाबा. राहू दे, भाऊंचे केस काळे आहेत तो बघायला सगळ्यांना आवडतंय, पण बसव.

ही बघा. मागच्या रांगेसाठी मराठीत सांगते. "आपली निवृत्तीची तारीख जवळ आली आहे. एक वर्ष मुदतवाढ हवी आहे का? हो. नाही." आणि त्यातलं "नाही" आधीच निवडून ठेवलेलं आहे. म्हणजे नुसतं एंटर दाबलं की नाही.

टुंग. एंटर. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टुंग. पुन्हा नाही.

हसमुखभाई, तुम्ही रोज विचारायची सोय चालू ठेवली, का तर आज नाही म्हणाले तरी उद्या मन बदलेल म्हणून. केवढा मोठा विचार! आणि पलीकडून रोज सकाळी, उदबत्तीच्या वासासकट, नकार आला. तुम्हाला वाईट वाटलं, हे मला माहीत आहे, कारण तेव्हापासून तुमच्या केबिनमधून भाऊंसाठी येणारा चहा बंद झाला. चहा बंद झाला म्हणून भाऊंना वाटलं, मिलला आपण नको आहोत. भाऊ गप्प झाले म्हणून तुम्हाला वाटलं, यांना जायचीच घाई आहे. तुमची केबिन आणि भाऊंचं टेबल यांच्या मधे एक पॅसेज आहे, साहेब. त्यात पाण्याचा कूलर आहे, तुळशीची कुंडी आहे. त्या पॅसेजमधून तुम्ही दोघं दिवसभर ये-जा करत होता, "केम छो" म्हणत होता, आणि महत्त्वाचं बोलणं त्या खिडकीवर सोपवून बसला होता! समजाय छे ने, साहेब? मान हलवलीत. आभारी आहे.

मला हे काल सांगायचं होतं. मी केबिनमध्ये गेले, तर साहेब वापीला. फोन केला, उचलला नाही. आज थेट हार घातलेले व्यासपीठावर भेटले. म्हणून चारचौघांत बोलावं लागलं, त्याचा मला खेद आहे, पण फार नाही.

आणि भाऊ, तुम्हाला मी एकच बोलते. तुम्ही ज्या खिडक्यांना दिवसभर झापता, त्यांतल्या एकीला तरी "बाई, तू आहेस कुठे" असं विचारायचं होतं. तुमचा राग आला मला काल. मग टीव्हीवर ते "नाही" बघितलं आणि रडू आलं. तुमच्यावाचून ते टेबल मला बघवणार नाही, हे सरळच सांगते.

आज सकाळीही टुंग वाजलं होतं. भाऊंचं बोट निघालं होतं. मी म्हटलं, भाऊ, आज तुमचा मान, आधी हाराचं माप बघू, आणि त्यांना उठवून नेलं. त्यामुळे आजचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. कचेरी बंद होईपर्यंत तो उभा राहील, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. हसमुखभाई, "हो" आलं तर ते तुम्हाला मंजूर आहे ना? चालेल? जरा मोठ्याने म्हणा, साहेब, मान हललेली मागे दिसत नाही.

धन्यवाद. टाळ्या नंतर.

आता अडचण फक्त शालीची उरते. शाल परत घ्यायची की पुढच्या वर्षीसाठी भाऊंकडेच ठेवायची, हे अध्यक्षांनी ठरवावं. नारळ मात्र रंभाबाई सोडणार नाहीत. रंभाबाई, तुम्ही हसताय की रडताय? दोन्ही चालेल. भाऊ, उठा. सावकाश. हार अडकेल खुर्चीत.

भाऊ मशीनपाशी जाईपर्यंत मी आटोपते. अध्यक्षांनी वेळ दिला, साहेबांनी ऐकून घेतलं, प्रवीणने तार जोडली, स्वयंपाकघरातल्या पुष्पाबाईंनी समोसे गरम ठेवले, या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाच्या ताटावर जाऊन बसले असेन, तर मलाही एक खिडकी समजून खाली बसवा आणि विसरून जा. इथेच थांबते, जय भीम, नमस्कार आणि...

भाऊ! बटणांकडे काय बघताय, वर बघा! बोट उचला, बोट उचला आधी. एंटर नको. माऊस धरा.