दोन इंच उतार

वडील गेल्यावर त्यांच्या खोलीची खिडकीकडे उतरलेली जमीन सपाट करून घ्यायची म्हणून ती फरशीच्या दुकानात आली होती. पुढे एक म्हातारी काकू, तिचा मुलगा आणि त्यांचा मिस्त्री उभे होते.

“फरशी तीस हजारांची आणि खालची जमीन सपाट करायचे चाळीस? मिस्त्री, डोंगर फोडताय का?”

“साहेब, दारापासून खिडकीपर्यंत दोन इंच उतार आहे. तो काढावाच लागेल.”

“आई, बोल ना काहीतरी. द्यायचे चाळीस?”

“पैशाचं नाही रे. पण उतार काढायचाच का?”

“अगं, नवी फरशी तूच मागितलीस ना?”

“फरशी मागितली. उतार काढा असं कुठे म्हटलं?”

“बाबांची चाकाची खुर्ची घसरते, म्हणून तर हा खटाटोप!”

“घसरत नाही. ते ब्रेक सोडतात. चाकं फिरवायला हातात जोर कुठे राहिलाय? ब्रेक सोडला की खुर्ची आपसूक खिडकीशी जाते. परत मी ओढून आणते.”

“आणि भिंतीवर आदळले तर?”

“खिडकीखाली उशी बांधलीय.”

“ती तुझ्या पाठीसाठी आहे म्हणालीस!”

“त्यांनीच सांगितलं, पोराला कळू देऊ नकोस.”

“मिस्त्री, आता काय करायचं हो?”

“मी आजवर उतार काढायचेच पैसे घेतलेत, साहेब. ठेवायचे किती घेऊ, तुम्हीच सांगा.”

“आई, तूच सांग.”

तेवढ्यात दुकानदाराने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं.

“ताई, तुमचं काय? जमीन सपाट करून हवी ना?”

“हो… म्हणजे, थांबा जरा. आधी या काकूंचं होऊ द्या.”