मागची बैठक

तळ्याच्या धक्क्यावर होड्या पाण्यात सोडायला रांग लागली होती. कोरीनच्या पुढे म्हातारे बहीण-भाऊ जुनी लाकडी कनू, दोघांनी वल्हवायची अरुंद होडी, घेऊन उभे होते. त्यांचं बोलणं कानावर पडत होतं, आणि कोरीनही कान देऊनच ऐकत होती.

"मेरिल, कारखान्याचं उत्तर आलं बरं का. टोकाशी रंग खरवडून तू जो नंबर काढलास, त्याची नोंद सापडली त्यांना."

"मग? बाबांनी कधी घेतली?"

"सत्तेचाळीस साली बांधली. सोळा फुटी, गडद हिरवी."

"हिरवी? बाबांची होडी लालच होती! भलत्याच कुणाची नोंद काढली त्यांनी."

"लाल मागाहून केली असेल. कारखान्याने पाठवली ती आयडेला थर्लोच्या नावाने."

"आईच्या? माहेरच्या नावाने?"

"हो. लग्नाच्या दोन वर्षं आधी."

"काहीतरीच! आई जन्मभर पुढच्या बैठकीवर बसली. मागे बसून होडी वळवायची ती बाबांनीच. तिने वल्हं जरा वेगळं मारलं की खेकसायचे, 'तुला काय कळतंय यातलं!'"

"खेकसायचे खरे."

"आणि ती एका शब्दाने बोलली नाही?"

"आपण तरी कधी विचारलं?"

रांग सरकली. दोघांनी होडी अलगद पाण्यात ठेवली. मेरिल सवयीने मागच्या बैठकीकडे निघाला आणि थबकला.

"एव्हिस, तुला होडी वळवता येते?"

"आईनेच शिकवलं. बाबा कामावर गेले की आम्ही दोघी निघायचो."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

मेरिल पुढच्या बैठकीवर जाऊन बसला.