हयात इसमास वाहिलेल्या श्रद्धांजलीबाबत

कर्जत पोलीस ठाणे, दि. १९/११/२०२५

मी झहीर इब्राहिम मुकादम, वय ४५ वर्षे, धंदा नोकरी, राहणार मोहोपाडा, ता. खालापूर, जि. रायगड. श्री. रोहिदास बामा भोईर, रा. वावेघर, यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात समक्ष आलो असून, विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी रुबिना व मुलगी नमिरा यांच्यासह राहतो. रसायनी येथील एका कारखान्यात एकोणीस वर्षांपासून बॉयलरवर कामाला आहे. ड्युटी तिन्ही पाळ्यांत असते. मी कबड्डी कधीही खेळलेलो नाही. फक्त पाहतो.

सन २०११ मध्ये मी फेसबुकवर 'मातीतली कबड्डी, कर्जत खालापूर' या नावाचा ग्रुप काढला. सुरुवातीला अकरा सदस्य होते, पैकी चार माझ्या मेहुण्याचीच निरनिराळी खाती होती. गेल्या रविवारपर्यंत एकतीस हजार चारशे सदस्य झाले होते. चौदा वर्षांत ग्रुपवर राजकारण, जातपात आणि सट्टा येऊ दिलेला नाही. भांडणे रोज होतात, ती होणारच, नाहीतर कबड्डी कशाला पाहायची. ग्रुपचे नऊ नियम असून ते सर्व मी केलेले आहेत. रुबिनाचे म्हणणे असे की घरात माझा एकही नियम चालत नाही म्हणून मी तिथे नऊ केले. यात तथ्य आहे.

त्यापैकी नियम क्रमांक सहा असा की, जुना खेळाडू वारला तर त्याच्या पोस्टखाली हात जोडलेली चित्रे टाकायची नाहीत. प्रत्येकाने त्या खेळाडूची स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक चढाई किंवा एक पकड लिहायची, मैदान आणि सालासह. कारण आमच्या भागातल्या जुन्या सामन्यांचे चित्रीकरण कोणी केलेले नाही. जे आहे ते लोकांच्या डोक्यात, आणि डोकी एकेक करून जात आहेत. आजपर्यंत त्रेसष्ट खेळाडूंवर असे लिहून झालेले आहे. हयात खेळाडूंवरही लिहावे असे आवाहन मी २०१७ साली केले होते. त्यावर नऊ जणांनी लिहिले. पैकी सहा जणांनी स्वतःबद्दल लिहिले.

नियम क्रमांक चार असा की, मृत्यूची बातमी त्या गावातील दोघांकडून खात्री केल्याशिवाय टाकू नये, किंवा गावात बॅनर लागलेला असावा. बॅनर लागला म्हणजे माणूस गेला, असे आपल्याकडे धरून चालतात. हा नियमही माझाच आहे.

जैतू गोमा निरगुडा, वय अंदाजे ६६, हे कडावच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकूरवाडीत पत्नी ठमी यांच्यासह राहतात. भात, रानभाजी आणि मजुरी यांवर त्यांचे घर चालते. तरुणपणी ते कडावच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळत. समोरच्याचा घोटा एकदा हातात आला की सुटत नसे. सन १९९४ मध्ये खालापूर येथे झालेल्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला अर्जदार रोहिदास भोईर आले. जैतूंनी त्यांचा घोटा धरला. भोईर मधल्या रेषेकडे पालथे पडले. रेषेला हात लागला तर कडाव हरणार, न लागला तर जिंकणार, अशी स्थिती होती. पंचांच्या आड खेळाडू आले होते. हात लागला असे भोईर यांनी सांगितले आणि कप वावेघरला गेला. पुढे दिवाळीनंतर जैतू आणि ठमी भोईर यांच्या शेतावर भातकापणीला मजुरीने गेले. त्यावरून लोकांनी दोन अधिक दोन केले आणि जैतूने पाय मुद्दाम सोडला असे गावोगाव झाले. त्यानंतर त्यांना कोणत्याही संघाने खेळायला बोलावले नाही. हे मी लोकांकडून ऐकलेले सांगतो.

रविवार दि. १६/११/२०२५ रोजी सकाळी नऊ वाजण्याच्या सुमारास कडाव येथील कबड्डी मंडळाचा सचिव किशोर याने ग्रुपवर एका बॅनरचा फोटो टाकला. त्यावर जैतू निरगुडा यांचा मोठा फोटो, फोटोला चंदनाचा हार आणि दोन्ही बाजूंना समया होत्या. खाली चषकाचे नाव व सामन्यांच्या तारखा होत्या. मी किशोरला दोनदा फोन केला. तो मैदान आखायला गेला होता व फोन त्याच्या गाडीच्या डिकीत होता. बॅनर लागलेला आहे हे पाहून मी नियमाप्रमाणे ९.२० वाजता श्रद्धांजलीची पोस्ट टाकली.

नंतर कळले ते असे. मंडळातील मुलांना जैतू वाडीतल्या मातीवर पकड शिकवतात. १९९४ चे मुलांना काही देणेघेणे नाही. गुरूच्या नावाने चषक ठेवावा म्हणून त्यांनी बॅनर करायला दिला. बॅनरवाल्याकडे चषकाचे एकच तयार डिझाइन आहे. फोटो आणि नाव तेवढे तो बदलतो. हयात माणसाच्या नावाचा चषक त्याच्याकडे पंधरा वर्षांत पहिल्यांदाच आला. हार पाहून मुलांना काही वाटले नाही का असे मी किशोरला विचारले. मान द्यायचा तर हार हवाच, असे तो म्हणाला.

१०.४० वाजता विकास याचा फोन आला. विकास हा जैतूंचा भाचा असून माझ्याच कारखान्यात कंत्राटी कामाला आहे, व त्या दिवशी सुट्टीमुळे वाडीत होता. वाडीत नेटवर्क नसल्याने तो खाली कडाव नाक्यावर आला, तेव्हा त्याला पोस्ट दिसली. तो म्हणाला, "झहीरभाई, मामा खळ्यावर भात झोडतोय. मी आताच त्याला तंबाकू दिऊन आलो." मी लगेच माफीचा मजकूर लिहिला. तो टाकणार तोच पोस्टखाली अर्जदार भोईर यांचे लिहिणे आले. ते मी जसेच्या तसे सांगतो.

"जैतूदादा, माफ कर. ९४ ची पकड खरी होती. माझा हात रेघेला लागला नव्हता. पंचांना मी खोटं सांगितलं. तू पाय सोडला नव्हतास, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. मैदान खालापूर, साल १९९४, डोळ्यांनी पाहिलेली."

हे मी तीन वेळा वाचले. माफीचा मजकूर टाकला नाही.

जैतू हयात असल्याचे १०.४० वाजता कळूनही खुलासा संध्याकाळी ५.१० वाजता का केला, असे मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर असे की, खुलासा केला असता तर भोईर यांनी लिहिलेले पुसले असते, आणि मी नुसते तोंडाने सांगितले तर कोणी खरे मानले नसते. शिवाय त्यांचे वाचून दुपारपर्यंत आणखी चौघांनी आम्हीही जवळून पाहिले होते असे लिहिले. त्यातले दोघे वावेघरचेच आहेत. एकतीस वर्षे जे कोणी बोलले नाही ते लोक आपणहून लिहीत होते. मला ते थांबवता आले नाही. हे चुकीचे आहे हे मला त्या वेळीही कळत होते. विकासला मी संध्याकाळपर्यंत गप्प राहायला सांगितले, त्यात त्याचा दोष नाही.

या टप्प्यावर जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांनी, मग त्या वर्षी कप खरा कोणाचा, असे विचारले. ते अर्जाच्या दृष्टीने महत्त्वाचे नसल्याचे मी त्यांना सांगितले.

दुपारी एक वाजता मी मोटारसायकलवरून निघून अडीचच्या सुमारास ठाकूरवाडीत पोहोचलो. तोपर्यंत झालेले एकशे ऐंशी जणांचे लिहिणे मी मोबाईलवर साठवून नेले होते. जैतू निरगुडा यांना मी समोरासमोर प्रथमच भेटत होतो. तुम्ही वारलात असे मी चुकून छापले आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. ठमी यांनी कपाळाकडे बोट करून, हे काय दिसत नाय का, असे विचारले. मी मान खाली घातली.

नंतर मी वाचायला सुरुवात केली. कशेळे, १९८८, पावसात घेतलेली पकड. चौक, १९९१, दोघांना एकट्याने अडवले ते. जैतू भाताच्या पेंढीवर बसून ऐकत होते. मधेच, हे मी नव्हतो, तो आमचा नागू होता, असे सांगून त्यांनी दोन पकडी नाकारल्या. भोईर यांचे लिहिणे सदतिसावे होते. ते वाचल्यावर जैतू म्हणाले, "परत वाच." मी परत वाचले. भात पाखडणाऱ्या ठमी यांचे सूप थांबले. मग जैतूंनीच पुढचे वाचायला सांगितले.

चार वाजण्याच्या सुमारास चार गाड्यांमधून सतरा लोक वाडीत आले. पुढे अर्जदार भोईर होते. त्यांच्या हातात फुलांचे चक्र होते. जैतू पेंढीवरून उठून उभे राहिले. ते चक्र आता कुठे ठेवावे हे कोणालाच कळेना, म्हणून ते शेवटी जैतूंनीच हातात घेतले आणि गोठ्याच्या खुंटीला अडकवले. ठमी यांनी सर्वांना पाणी दिले. पाणी देताना त्या म्हणाल्या, "मेला म्हून आलाव. जित्ता होता तवा या वाटंला कोन नाय आला." त्यांचे म्हणणे खरे होते.

मग जैतूंनी भोईर यांना विचारले, "शेठ, रेघ किती ऱ्हायली हुती?"

भोईर यांनी हाताने वीतभर अंतर दाखवले.

"वीत नाय. चार बोटं. आनखी थोडा दम असता तर लागला असता तुमचा हात."

भोईर तिथेच खळ्यात खाली बसले. सोबतच्या लोकांनी उठवूनही काही वेळ उठले नाहीत. त्यांना काय झाले असेल ते मी सांगू शकत नाही, पण मला रडू आले हे मी नाकारत नाही.

परतताना कडाव नाक्यावर नेटवर्क आल्यावर मी ५.१० वाजता खुलासा टाकला. मूळ पोस्ट काढली नाही. सोमवारी सकाळी भोईर यांचा फोन आला. त्यांच्या गावात मुले त्यांना रेषेवरून चिडवत होती, आणि देवळाच्या कपाटातला १९९४ चा कप काढून टाका असे कोणीतरी म्हणाले होते. त्यांनी पूर्ण पोस्ट काढायला सांगितली. तुमचे तेवढे तुम्ही पुसू शकता, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, मी एकट्याने पुसले तर पळाला म्हणतील. "मी मेलेल्या माणसाशी बोललो होतो झहीर. एकतीस हजार लोकांशी नाही." यात त्यांचे चुकते असे मला म्हणता येत नाही. मी पोस्ट न काढल्याने त्यांनी हा अर्ज दिला आहे.

काल मंगळवारी मी पुन्हा ठाकूरवाडीत गेलो. पोस्ट ठेवायची की काढायची, तुम्ही सांगाल तसे करतो, असे मी जैतूंना विचारले. ते म्हणाले की त्यांनी ऐकले, ठमीने ऐकले, एवढे झाले. भोईर यांची नातवंडे शाळेत जातात, त्यांना कशाला त्रास. "रोहिदासचं काढ. बाकी ऱ्हाऊ दे." मी बरे म्हणून उठलो. तेव्हा ते म्हणाले, "आनि तुजं काढ."

माझे कोणते, असे मी विचारले. "अकरा वरसं झाली. विकासनं वाचून दावलं हुतं. खाली तुजंच नाव हुतं ना, झहीरभाय?"

याबाबत मला पोलिसांनी काही विचारलेले नाही, तरी मी आपणहून सांगतो. सन २०१४ मध्ये मी १९९४ च्या त्या अंतिम सामन्यावर मोठा लेख लिहून ग्रुपवर टाकला होता. ग्रुपवरचा आजवर सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तोच आहे. त्यात, जैतूने बोटे सैल केलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, असे मी लिहिलेले आहे. सामन्याच्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो व मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लाउडस्पीकरच्या खोक्यामागे बसलो होतो. मला काहीही दिसले नव्हते. लोक सांगत होते तेच मी लिहिले, आणि वाचायला बरे वाटावे म्हणून डोळे माझे घातले. लोकांच्या तोंडी जे वीस वर्षांत विरत आले होते ते मी पुन्हा ताजे करून दिले. ज्या गावांत ते ठाऊक नव्हते तिथेही पोहोचवले. विकास सांगतो की तो लेख ऐकल्यापासून मामा एकही सामना पाहायला खाली उतरलेला नाही.

भोईर यांचे लिहिणे काल संध्याकाळी काढले आहे. माझा लेखही काढला आहे. ग्रुपच्या सदस्यांना त्याचे कारण लिहून कळवले असून, त्यानंतर दोन हजार सदस्य ग्रुप सोडून गेले आहेत.

त्या लेखाबद्दल माझ्याविरुद्ध तक्रार घेता येईल का, असे मी हवालदार साहेबांना विचारले. ज्याचे नुकसान झाले त्याने यावे लागते, असे त्यांनी सांगितले. तो येणार नाही.

वरील मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचा भाग अर्जाशी संबंधित नाही, तो गाळायचा का, असे त्यांनी विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून खरा व बरोबर आहे.

सही
झहीर इब्राहिम मुकादम