नवऱ्याला सुट्टी, बायकोला नाही

अगं, रजेसाठी मी आयुष्यात एकदाच भांडले, पण काय भांडले म्हणून सांगू! इंग्लंडमध्ये रीडिंग नावाच्या गावी ऑफिसात होते तेव्हा. नवरा ब्रिटिश आर्मीत डॉक्टर, पोस्टिंग अफगाणिस्तानात. तो दोन आठवडे घरी येणार म्हणून रजा मागितली, तर मॅनेजर म्हणतो, "सैनिकाच्या बायकोला रजा द्यायचा काही कायदा नाही. आणि सध्या आपण भयंकर बिझी आहोत."

म्हटलं, "तिकडे लढाई चालू असताना त्याच्या साहेबांनी त्याला सोडलं. इथे असं काय पेटलंय?"

तेवढ्यात कुणीतरी मॅनेजरपुढे बिस्किटांचा डबा धरला, आणि या भयंकर बिझी माणसाने लगेच त्यात हात घातला. अख्खं ऑफिस खो खो हसायला लागलं. डब्यात हात तसाच ठेवून तो पुटपुटला, "जा. दोन्ही आठवडे घे."

निघताना शेवटचं चॉकलेटचं बिस्कीटही मीच उचललं!