जिथं कुणी पडत नाही

हां, मागचे काका, टाळ जरा खाली ठेवा. नामस्मरण झालं, पांडुरंगाला पोचलं. आता कान इकडं द्या.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. सेवा चांगली झाली, हे ठरवायचं कुणी? करणाऱ्यानं? बघणाऱ्यानं? की जिची केली तिनं? तुम्ही म्हणाल – महाराज, यात काय अवघड, जिची केली तिनं. बरं! मग तिला विचारलंत का हो कधी? नाही ना? आपण शेजाऱ्याला विचारतो. बघा, आईचं किती करतो मी! शेजारी मान हलवतो, झाली सेवा.

तर गोष्ट एका वृद्धाश्रमाची. नाव सांगणार नाही. सांगितलं, तर आरतीच्या आत कुणीतरी येऊन म्हणेल – महाराज, आमची मावशी तिथंच असते, अगदी सुखात आहे!

तिथं द्वारकाबाई वेळापुरे राहायच्या. जातीनं कासारीण. खांद्यावर बांगड्यांचं ओझं घेऊन उभा जन्म गावोगाव पायी हिंडलेल्या. कुणी म्हणालं, बाई, एसटीनं जा की, तर म्हणायच्या, देवानं दोन बैल दिलेत मला, कमरेखाली जुंपलेले. ते गोठ्यात बांधून एसटीत कशाला बसू? नवरा गेला, मुलगा परगावी नोकरीला लागला, त्यानं आईला आश्रमात ठेवलं. पोरगा वाईट नव्हता. उगाच त्याच्या नावानं बोटं मोडू नका.

बाई काठी टेकत आपल्या पायांनी आश्रमात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आवारात फेरी मारायला निघाल्या, तर व्यवस्थापक पेंढारकर धावत आले.

"आजी, आत चला. पडाल."

"पडले तर उठेन."

"तुम्ही उठाल हो, पण उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

आणि काठी काढून घेतली! ऑफिसच्या कोपऱ्यात सगळ्या म्हाताऱ्यांच्या काठ्या उभ्या होत्या, त्यात हीपण गेली. मग सकाळी खुर्ची, दुपारपासून पलंग, पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे. आणि आता, मंडळी, कीर्तनात बोलू नये म्हणतात ते बोलतो. लाज वाटली तर वाटू दे. चालत्याफिरत्या बाईला डायपर बांधायचे. का? तर मोरीपर्यंत कोण नेणार? माणसं कमी! बाई म्हणायची, मला जायचंय. तिथली मावशी म्हणायची, आजी, बांधलंय ना, होऊ द्या तिथंच. मावशी बिचारी सगळ्या खोल्यांना एकटीच, तिचा काय दोष. पण सांगा, तुम्हाला कुणी म्हणालं असतं – होऊ द्या तिथंच – तर?

बाईंनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, काळजीपोटीच करतात ते. तू फक्त पडू नकोस."

पाय दिवसेंदिवस वाळायला लागले. एकदा कठड्याला धरून उभं राहायला गेल्या, तर गुडघे लटपटले. तेव्हा मात्र बाई घाबरल्या. मरणाला नाही हो! मरणाला कोण घाबरतंय त्या वयात. शेजारच्या पलंगावर यमूताई असायच्या, त्यांना म्हणाल्या, "यमे, मरेपर्यंत मोरीपर्यंत तरी मी माझ्या पायांनी जाणार."

यमूताई छताकडं बघत म्हणाल्या, "मीपण असंच म्हणायचे गं."

त्या रात्री द्वारकाबाईंना झोप लागली नाही.

आणि अशात आली तपासणी. वृद्धाश्रम कसा चाललाय ते बघायला वरून शेलार मॅडम येणार! मग काय विचारता. नव्या चादरी, फिनाइलचा घमघमाट, खिचडीच्या जागी शिरा, दारात रांगोळी. वरून कीर्तन आतून तमाशा – म्हण आमच्याच धंद्यावर बेतलीय, पण इथं फिट्ट बसते!

मॅडम आल्या. बाई भली होती. प्रत्येकाला विचारत होती, आजोबा, काही त्रास? आजी, जेवण बरं असतं? आणि पेंढारकर कुठं? मॅडमच्या खांद्यामागं! मग काय होणार? सगळं छान आहे, सगळं छान आहे. सुनेसमोर सासूला विचारा, सून कशी आहे? काय सांगणार ती? हसू नका, घरोघरी हेच आहे.

पेंढारकर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं वर्षभरात एकही जण पडलेला नाही."

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं. बाकी ठिकाणी रोज कुणीतरी पडतं." आणि द्वारकाबाईंच्या पलंगाशी येऊन, आपल्या रीतीप्रमाणं, पायाला हात लावायला वाकल्या.

बाईंनी पाय आखडून घेतले.

"पाया पडू नका, बाई. आधी हे पाय कुणी चालू देतंय का ते बघा." आवाज चढवला नाही. "पडत नाही म्हणे कुणी. उठू देतील तेव्हा पडू ना आम्ही?"

पेंढारकर हसल्यासारखं करत म्हणाले, "वयोमानानं माणूस थोडं चिडचिडं होतं, मॅडम."

"माझी काठी द्या," बाई म्हणाल्या, "मला मोरीला जायचंय."

"आणि पडलात तर जबाबदारी कुणाची?"

"माझी. पाय माझे आहेत."

मॅडमनी एकवार बाईंकडं पाहिलं आणि पेंढारकरांना म्हणाल्या, "काठी आणा. आणि कठडा खाली घ्या."

मंडळी, द्वारकाबाई उभी राहिली! वाळलेले पाय, पण उभी राहिली. एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. यमूताई पडल्या पडल्या मान उचलून बघतायत. मोरीचं दार हाताच्या अंतरावर आलं आणि उंबऱ्याशी गुडघा वाकला. बाई पडली! धाडकन पडली.

पेंढारकर धावले. "बघा, मॅडम! मी सांगत होतो!"

"हात लावू नका," बाई खालून म्हणाली.

कोपर सोललं होतं. ती रांगत चौकटीशी गेली, चौकट धरली, एक गुडघा टेकला, दात आवळले, आणि उठली. कुणाच्या बापाची मदत न घेता उठली! मोरीत शिरली आणि आतून कडी घातली. किती दिवसांनी त्या बाईनं आपल्या हातानं कडी घातली, विचार करा.

पेंढारकर दार वाजवायला लागले. "आजी, कडी काढा. आजी!"

आतून आवाज आला, "थांबा. माणूस आत आहे."

बाहेर आली, पदर सारखा केला, मॅडमना म्हणाली, "आता लिहा. या वर्षी इथं द्वारका पडली. आणि उठली, तेपण लिहा. एवढंच लिहिलंत तरी माझं पुष्कळ झालं."

मॅडमनी तसंच लिहिलं. काठ्या त्याच दिवशी ऑफिसातून ज्याच्या त्याच्या हातात गेल्या. पेंढारकरांना जास्तीची माणसं ठेवावी लागली, ते अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि तुम्ही काय माना डोलावताय? पेंढारकर फक्त आश्रमातच असतो होय? उद्या सकाळी तुमची आई खुर्चीतून उठायला बघेल, आणि तुमच्या तोंडी येईल – बस गं, पडशील, मी आणतो! तिच्यासाठी म्हणता, की स्वतःच्या घोरासाठी? तो शब्द गिळा. तिच्या मागं उभे राहा, हात तयार ठेवा, पण तिला जाऊ द्या. आणि पडलीच, तर उचलायच्या आधी विचारा, हात देऊ का? नको म्हणाली तर तिथंच थांबा, आणि ती कशी उठते ते डोळे भरून बघा. दर्शन त्यालाच म्हणतात.